नळातलं चामडं

ही गोष्ट अर्धी सगळ्यांना माहीत आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — मुलांना नाही, विहारातल्या एकाही सोबत्याला नाही. बायकोलाही नाही. ती तर ऐकल्याशिवायच गेली.

अर्धी गोष्ट आमच्या मोहल्ल्यात कुणालाही विचारा. साहेबाच्या बंगल्यात, सोवळं पाळणाऱ्या बाईच्या न्हाणीतल्या नळात मी चामड्याचा वायसर — पाणी अडवणारी चकती — बसवला, आणि त्याच नळाच्या पाण्यानं तिचे देव कित्येक वर्षं न्हात राहिले. लग्नातली पंगत उठली, माणसं पान खात बसली, की कुणीतरी म्हणतंच, "आजोबा, ते चामड्याचं होऊ द्या!" मी सांगतो. हात हलवून सांगतो. लोक पोट धरून हसतात. एका कॉलेजातल्या पोरानं मला भर मांडवात मिठी मारली होती — डोळ्यांत पाणी त्याच्या. म्हणाला, तुमच्यासारखी माणसं होती म्हणून आम्ही ताठ उभे आहोत.

मी काय केलं? पाठीवर थोपटलं.

आता विहाराची स्मरणिका निघते आहे. मंडळी म्हणाली, ती गोष्ट लिहून द्या. बरं, देतो. पण बोलताना मी ज्या जागी थांबतो, तिथं लिहिताना थांबता येईना. तोंडाला सवय झाली आहे, हाताला नाही. तेव्हा छापायची असेल तर पूर्ण छापा. पूर्ण छापायची नसेल तर अर्धीही छापू नका.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. त्या चामड्याबद्दल मी माफी मागायला बसलेलो नाही. त्याचा मला तेव्हा पस्तावा नव्हता, आज नाही. तो प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा चामडंच कापीन. पण त्या चामड्यापायी एका माणसाची नोकरी गेली आणि नाव गेलं. तो माणूस मी नव्हतो. — लिहायचं आहे ते हे.

ऐंशी सालानंतरचा काळ. गडचांदूरच्या बाजूला तेव्हा सिमेंटचे कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकाच्या कॉलनीत मी फिटर होतो — नळ, पाइप, टाक्या, मोऱ्या, सगळं आमच्याकडं. चुनखडीचा मुलूख. तिथलं पाणी इतकं जड की नवी बादली महिन्यात आतून पांढरी व्हायची. तोट्यांना खडूसारखा थर चढायचा. तो खरवडून काढणं हेच आमचं अर्धं काम.

साहेब लोकांच्या बंगल्यांत न्हाणीघरात तेव्हा नव्या पद्धतीचे नळ आले होते. खाली तोटी, वर फवारा, आणि मधे एक मूठ. मूठ दाबली की पाणी तोटीतून बादलीत, ओढली की वर फवाऱ्याला. स्टोअरवाले त्याला डायव्हर्टर म्हणायचे. आम्ही वर-खालीचा कॉक म्हणायचो. जड पाण्यात तो लवकर झिजतो. आतला रबर चघळल्यासारखा होतो, तो जिथं टेकतो त्या पितळेला खड्डे पडतात, आणि मग पाण्याला धरबंध राहत नाही — खाली बादली भरायला लावली तरी वरून डोक्यावर ठिबकत राहतं.

त्या बाईंच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

बाई वाईट नव्हत्या, असं मी म्हटलं तर तुम्ही चिडाल. पण सुरुवातीला खरंच नव्हत्या. साहेबांची बदली पुण्याच्या बाजूकडून इकडं झालेली. बाईंना इथलं ऊन सोसत नव्हतं, माणसं कळत नव्हती, आमची बोली ऐकून त्या हसायच्या — कुचकं नाही, मोकळं हसायच्या. मी गेलो की चहा द्यायच्या, घरच्याच कपात. त्या मला फिटर म्हणायच्या. आडनाव कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? — हाही एक प्रश्नच आहे. लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं. त्या कपातला चहा गोड लागत होता, एवढं कबूल करतो.

एक दिवस मी त्यांच्या न्हाणीत तोटी खरवडत होतो. खिडकी रस्त्याकडं. आमच्या लाइनीतला — कामगारांच्या खोल्यांतला — एक जण सायकलवरून चालला होता, त्यानं मला पाहिलं आणि रस्त्यावरूनच ओरडला, "जय भीम, भाऊ! सायबाची मोरी धुऊन राह्यले का?"

मी पण जोरात ओरडलो, "जय भीम! तुह्यी बी धुतो, संध्याकाळी ये!"

हसलो. मागं वळून पाहिलं तर बाई दारात उभ्या होत्या.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत वर्तमानपत्रं अंथरली होती, त्यावरून चालायचं. न्हाणीतली तांब्या-पितळेची भांडी उचललेली. चहा आला — कुंपणाच्या भिंतीवर, काचेच्या ग्लासात. आणि मी काम आटपून पाना थैलीत टाकत होतो, अजून तिथंच उभा होतो, तेवढ्यात बाईंनी छोट्या शिशीतून गोमूत्र घेतलं आणि नळावर शिंपडलं. मग मूठ, मग तोटी, मग मी हात टेकवला होता ती भिंत. शांतपणे. पूजेतलं काम करावं तसं. माझ्याकडं रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी पाहिलंच नाही.

माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. त्या दिवसापासून बापानं मेलेल्या ढोराला हात लावला नाही. गावानं पाणी तोडलं, मळणीला बोलावणं तोडलं, तरी लावला नाही. त्या बापाचा मी पोरगा. ग्लास तिथंच भिंतीवर ठेवला आणि आलो. चहा प्यालो नाही. — नाही, खोटं कशाला, आता सगळंच खरं लिहायचं ठरवलं आहे. प्यालो. तहान लागली होती. प्यालो आणि मग ग्लास ठेवून आलो.

वर-खालीचा नवा कॉक नागपूरहून आला. तो बसवायला मी आणि पोचू गेलो.

पोचू मडावी. माझ्याच वयाचा, आलापल्लीच्या पलीकडल्या एका गावचा गोंड. कारखान्याच्या बांधकामावर मजूर म्हणून आला आणि आमच्या खात्यात टिकला. टेम्पररी होता. हातात कसब होतं, पण त्याहून जास्त म्हणजे तोंडावर हसू होतं. भर उन्हात टाकीवर चढवा, वरून गाणं ऐकू यायचं. घरी त्याची बायको आणि नुकती झालेली मुलगी. पक्कं व्हायचं आणि त्यांना कॉलनीच्या लाइनीत आणायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. पक्क्या होणाऱ्यांत त्याचं नाव पुढचं होतं.

आम्ही टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, जुना कॉक खोलला. नळाची आतली पितळ, जी भिंतीतच राहते, खड्ड्यांनी भरलेली. नव्या कॉकसोबत आलेला रबर त्यावर टेकेना — बसवून पाहिला, पाणी सोडलं, ठिबकलं. अशा जागी रबर फाटतोच. चामडं मात्र पाण्यात फुगतं आणि खड्ड्यांत बसतं. आमच्या लाइनीतल्या हातपंपांत चामड्याचेच वायसर असायचे, ते पाणी आम्ही सगळे प्यायचो. माझ्या थैलीत पंपाच्या कामातून उरलेला एक तुकडा होता. जाड रबरही होता. दोन रबर एकावर एक घातले असते तरी चाललं असतं. ते मला ठाऊक होतं.

मी मागच्या पायरीवर बसलो आणि चामडं गोल कापायला लागलो.

पोचू म्हणाला, "जाड रबर आहे ना भाऊ थैलीत."

"मले माहीत आहे."

"मंग चामडं काऊन कापून राह्यले?"

म्हटलं, "बाईच्या देवाले बी आपल्या पंपाची चव कळू दे."

पोचूला ते कळलं — आणि तो असा हसला की त्याच्या हातातली बादली हिंदकळली. "लय नंबरी आहे भाऊ तुमी!"

तेलात बुडवून ते चामडं मी बसवलं, जोडाला सूत गुंडाळलं, सफेदा लावला, आवळलं. मूठ वर — पाणी वर. मूठ खाली — पाणी खाली. एक थेंब इकडचा तिकडं नाही. काम म्हणून विचाराल तर त्या कॉलनीत त्याहून चांगलं काम मी केलेलं नाही. आम्ही मागच्या दाराबाहेर पडलो आणि मागं शिशीचं बूच निघाल्याचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं सुद्धा नाही, हसू फुटलं असतं.

बाई पहाटे त्या फवाऱ्याखाली न्हायच्या आणि ओलेत्यानंच त्या तोटीवर देवाची कळशी भरायच्या. स्वयंपाकघरातल्या नळाला मोलकरणीचा हात लागतो म्हणून. हे मला मोलकरणीनंच सांगितलं होतं, चामडं बसवायच्या खूप आधी. म्हणजे मला ठाऊक होतं. म्हणजे चूक नव्हती, खोडी नव्हती. हिशेब होता.

पुढं त्या बंगल्यात मी गेलो नाही. बारीकसारीक कामाला पोचूच जायचा. त्याला वर्तमानपत्रावरून चालायचं काही वाटायचं नाही. उलट तो त्यावरची चित्रं बघत बघत चालायचा आणि परत येऊन आम्हाला नटांच्या नकला करून दाखवायचा.

अशी वर्षं गेली. पोचूचं पक्कं होणं दर वेळी थोडं पुढं जात राहिलं. मग एकदा नक्की म्हणून कळलं — या खेपेला होणार. त्याच सुमारास कंपनीनं सगळ्या बंगल्यांत गिझर बसवायचं काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराचा माणूस चंद्रपूरचा. त्यानं बाईंच्या न्हाणीतला नळ खोलला आणि आतून फुगलेलं, काळं पडलेलं चामडं बाहेर काढलं. त्याला काय माहीत? त्यानं ते पक्कडीत धरून बाईंपुढं नेलं आणि कौतुकानं म्हणाला, "बाईसाहेब, हे पाहा, चामडं! पंपाचं चामडं घातलं कोणीतरी, अन् टिकलं बी!"

बाई मटकन खाली बसल्या. दिवसभर जेवल्या नाहीत. देव्हारा रिकामा केला.

मंडपात मी गोष्ट इथं थांबवतो. इथं टाळ्या पडतात. इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही — मग पुढं काय झालं? एवढा मोठा साहेब, त्यानं शोध घेतला नाही का? कुणाच्या गळ्यात पडलं ते?

बातमी आमच्या शेडपर्यंत आली तेव्हा मला आनंद झाला. होय, आनंद. बाप आठवला. पोचूनं माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले. आणि त्याच दुपारी फोरमन शेडमध्ये आला, घामाघूम, साहेबाची बोलणी खाऊन. सगळ्यांना समोर उभं केलं. म्हणाला, "सायबाच्या घरी हे गधेपण कोणी केलं? बोला. बाईसाहेब तर म्हणते, तो पोचू येत असते. पोचू, तूनं टाकलं का बे?"

पोचूनं फोरमनकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, विनवूनही नाही. तो वाट पाहत होता. हे काम माझं, हे त्यानं पाहिलं होतं. मी बोलणार, यात त्याला शंकाच नव्हती. कसली असणार? मी लाइनीतल्या लोकांना स्वाभिमानावर भाषणं देणारा माणूस. कामगारांचा प्रश्न आला की पुढं होणारा मी. पक्की नोकरी माझी. माझ्यावर कारवाई करायची तर चौकशी, मग युनियन, मग आणखी कायकाय. पोचूला काढायला मात्र एक वाक्य पुरत होतं.

तरी मी गप्प राहिलो असतो तर ती भीती ठरली असती. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत, मी त्यांतला एक ठरलो असतो. पण मी गप्प राहिलो नाही. मी बोललो. पुढं झालो, फोरमनसमोर उभा राहिलो आणि समजूतदार आवाजात म्हणालो —

"जाऊ द्या ना सायेब. जंगलातला माणूस आहे. त्याले काय समजते सोवळं-ओवळं?"

वाचलंत?

मी त्याचं नाव घेतलं नाही. त्यानं केलं असं म्हटलं नाही. वरून पाहिलं तर मी त्याच्यासाठी रदबदली करत होतो. शेडमधल्या लोकांना तसंच वाटलं. फोरमनला तसंच वाटलं, तो म्हणाला, "भाऊ, तुमच्यासारख्या समजदार माणसानं तरी ध्यान ठेवायचं होतं." मला समजदार म्हणाला. आणि मी मान हलवली.

जंगलातला माणूस, त्याला काय समजते. — हे वाक्य कुठून आलं माझ्या तोंडात? मी ते जन्मभर ऐकलं होतं, फक्त त्यात जंगलाच्या जागी आमचा मोहल्ला असायचा. शाळेत ऐकलं, पाटलाच्या ओट्यासमोर ऐकलं, आणि बाईंनी तर न बोलता ऐकवलं. ते किती आत लागतं हे त्या शेडमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर मला तेच सुचलं. बाईंच्या शिशीत गोमूत्र होतं. माझ्या शिशीत हे होतं.

पोचूला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पक्का होणार होता, तो गेला. त्या संध्याकाळी गेटजवळ तो माझ्यासाठी थांबला होता. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं. त्यानं झोळीतून माझा पाना काढला — कधीतरी कामासाठी नेलेला — आणि माझ्या हातात ठेवला.

"तुमचा पाना घ्या भाऊ. नाईतर म्हणतील, गोंडानं नेला."

आणि हसला. पोचू हसायचा तसा नाही.

आता तुम्हापैकी काही जण म्हणतील — बाबा, काळच तसा होता, तुमच्याही घरात पोरं होती, कोण बोललं असतं? कृपा करून हे बोलू नका. माझी पोरं होती तशी त्याचीही मुलगी होती. काळ दोघांनाही तोच होता. बाईंनी मला जे केलं ते काळानं केलं असं मी कधी म्हणालो नाही, मग माझ्या वेळी काळाला कशाला पुढं करू? आणि काही जण म्हणतील, आपल्या माणसाची अशी गोष्ट आपल्याच स्मरणिकेत कशाला? तर त्यांनाही सांगतो — दुसऱ्यांनी आपल्याला केलं ते सांगायचं आणि आपण दुसऱ्याला केलं ते गिळायचं, यासाठी माझ्या बापानं गावाशी वैर घेतलं नव्हतं.

पण एवढंच असतं तर कदाचित मी हे पूर्वीच सांगितलं असतं. खरंच. शेडमधलं ते वाक्य घाईत निघालं, धक्क्यात निघालं, असं स्वतःला समजावून एखाद्या सभेत कबूल करून टाकलं असतं, त्याच्याही टाळ्या घेतल्या असत्या. माझी जीभ अडते ती यापुढं.

दोन-तीन वर्षांनी माझी बहीण आजारी होती, म्हणून मी चंद्रपूरजवळच्या मूल गावी गेलो होतो. महाशिवरात्रीचे दिवस. मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेला जाणाऱ्यांनी स्टँड भरलेला. मी परतीच्या गाडीची वाट पाहत चहाच्या टपरीशी उभा होतो, तेवढ्यात मागून हाक आली, "ओ फिटर भाऊ!"

पोचू. वाळला होता, खांद्यावर पोत्यांचे घट्टे पडलेले. मूललाच एका राइस मिलमध्ये हमाली करत होता. मला पाहून त्याला आनंद झाला — हे मी कसं सांगू तुम्हाला, त्याला खरोखर आनंद झाला होता. चहा त्यानंच सांगितला. मागं त्याची बायको उभी होती, चिन्नी. कडेवर मुलगी. मुलगी आता कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती; तिचा एक पाय काडीसारखा वाळून लोंबत होता. पोलिओ. आमच्या कॉलनीच्या दवाखान्यात त्याची चित्रं लावलेली असायची, पाहिल्याबरोबर मला कळलं. चिन्नीच्या पायात काही नव्हतं. तळव्यांना भेगा, भेगांत धूळ.

पोचू म्हणाला, "हे चालली मार्कंड्याले. पैदल. दर साल जाते. वहाण बी सोडली."

मी विचारलं, "काऊन?"

तो जरा थांबला. मग आवाज खाली करून, माझ्या अगदी जवळ येऊन बोलला, लाजल्यासारखा.

"ते बाईच्या घरचंच भाऊ. पोरीचा पाय गेला न, तं गावच्या पुजाऱ्यानं म्हणलं, तूनं दुसऱ्याच्या देवाचं पाणी खराब केलं, तो देव कोपला. मी म्हणतो मी नाई टाकलं. हे आयकतच नाई. म्हणते, तू नाई टाकलं तं काढलं काऊन तुले? बाईचा देव कुठी आहे हिले काय माहीत. मोठा देव मार्कंड्याचा, तं तिथीच माफी मागते. रात्री झोपत नाई. माह्या हातचं पाणी नाई पीत."

आणि मग —

"तुमी सांगा न हिले. तुमचं आयकन हे. तुमचं नाव नका सांगू भाऊ, कोणी टाकलं ते बी नका सांगू. बस इतकंच म्हणा, पोचूनं नाई टाकलं."

तो बाजूला झाला आणि बायकोला गोंडीत काहीतरी म्हणाला. त्यात फिटर हा शब्द मला कळला. चिन्नीनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मुलगीही पाहत होती.

तिथं फोरमन नव्हता. साहेब नव्हता. आमच्या लाइनीतलं कुणी नव्हतं. माझी नोकरी धोक्यात नव्हती, नाव धोक्यात नव्हतं — ते तर त्यानं मागितलंच नव्हतं. तीन शब्द हवे होते. ते खरे होते. आणि शिवाय मी काय, देवाचा कोप मानणारा माणूस? विहारात उभं राहून मी लोकांना सांगायचो की रोगाचं कारण देव नसतो, नवस फेडत फिरू नका. पाय कशानं वाळला हे मला तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांत नीट ठाऊक होतं. एवढं सांगितलं असतं तरी ती घरी परत गेली असती.

मी म्हणालो, "जाऊन या बाई. दर्शन घ्या. पोरीचं चांगलं होईन."

कारण विचारू नका. मी स्वतःला विचारून पाहिलं आहे, इतकी वर्षं. घाबरलो होतो असं लिहावं, तर कशाला घाबरलो ते लिहावं लागेल, आणि तसं तिथं काही नव्हतं.

पोचूनं माझ्याकडं पाहिलं नाही. चहाचा कप टपरीवाल्याला परत दिला. चिन्नी मात्र खाली वाकली, मुलगी कडेवर असताना, आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. मोठ्या माणसानं आशीर्वाद दिला म्हणून. मग ती जत्रेच्या माणसांत मिसळून रस्त्याला लागली. पोचू मिलच्या दिशेनं गेला. त्या दोघांपैकी कुणीही मला पुन्हा दिसलं नाही. मी शोधलंही नाही.

तेव्हा मंडळी, आता नोंद सरळ करा. बंगल्यातल्या नळात चामडं मी घातलं, समजून-उमजून घातलं, आणि त्याचं मला काही नाही. पोचू मडावीनं त्या घरात कुणाच्या देवाचं, कुणाच्या पाण्याचं काहीही वाईट केलं नाही. हे ऐकायला एक बाई मूलच्या स्टँडवर माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी तिला देवाकडं पाठवलं.